कलमाचा सांधा : एका झाडातील दोन झाडांचा अन्नव्यवहार

कलमी झाड दिसते एक, पण ते असते दोन झाडांचे. खालचे झाड जमिनीतून पाणी व क्षार घेते, वरचे झाड पानांत साखर तयार करते. दोघांमधील देवाणघेवाण बोटभर लांबीच्या सांध्यातून चालते. हा व्यवहार कसा होतो, त्यातून काय जाते व काय अडते, आणि मराठवाड्यातील चुनखडीच्या जमिनीत तो का बिघडतो, याविषयी.

हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरी हा आज प्रामुख्याने सोयाबीन, हळद, कापूस व तूर या पिकांचा तालुका आहे. पावसाळ्यात जमीन वाफशावर येण्यास उशीर झाला, की येथील काही शेतांत सोयाबीनची शेंड्याकडील कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्याच राहतात. शेताच्या बांधावर लावलेल्या मोसंबीच्या किंवा लिंबाच्या झाडावरही पुढे हीच लक्षणे दिसू शकतात. दोन्हीकडे कारण एकच असते. जमिनीत लोह असते, पण ते झाडाला मिळत नाही.

सोयाबीनचे पीक साडेतीन महिन्यांत निघते. मोसंबीचे किंवा आंब्याचे कलम मात्र वीस-तीस वर्षांच्या हिशेबाने लावलेले असते. त्यातील जी चूक रोप विकत घेतानाच झालेली असते, ती पुढे खताने किंवा फवारणीने पुरती दुरुस्त होत नाही. ग्राहक वरच्या झाडाचे नाव विचारून रोप घेतो. खालच्या झाडाचे नाव बहुधा विचारले जात नाही आणि सांगितलेही जात नाही. प्रत्यक्षात जमिनीशी संबंध येतो तो केवळ या खालच्या झाडाचा.

खुंट आणि काडी

कलमाच्या खालच्या भागास खुंट म्हणतात. वर जोडलेल्या भागास कलमकाडी किंवा नुसता डोळा म्हणतात. आंब्यात कोय कलम, मृदकाष्ठ कलम आणि भेट कलम या पद्धती प्रचलित आहेत. संत्रा, मोसंबी, बोर व गुलाब यांत डोळा भरतात. गुटी कलम मात्र या अर्थाने कलम नव्हे. त्यात फांदीलाच मुळ्या फोडून ती वेगळी केली जाते, दुसरे झाड त्यात नसते. डाळिंबाची बहुतेक लागवड अशा गुटीच्या रोपांची असते.

ही विद्या जुनी आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा स्वतंत्र अध्याय असून एका झाडाची काडी दुसऱ्या झाडावर बसवून सांध्याला लेप देण्याची रीत त्यात आली आहे. पोर्तुगीज काळात गोव्यात आंब्याच्या कलमांचा प्रसार झाला आणि हापूससारख्या जाती पिढ्यान्‌पिढ्या तशाच टिकल्या. मराठवाड्याच्या कोरडवाहू तालुक्यांत कलमे मोठ्या प्रमाणावर पोहोचली ती १९९०-९१ मध्ये रोजगार हमी योजनेशी जोडलेल्या फळबाग लागवड योजनेमुळे. २०१८-१९ पासून भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेतून हे काम पुढे चालू झाले. शेतांच्या बांधावर पूर्वी कोयीपासून वाढलेला गावरान आंबा असे, तेथे केशराची कलमे आली. मराठवाडा केशर आंबा व जालन्याची मोसंबी यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

सांधा कसा जुळतो

कलम करताना दोन्ही भागांवर तिरपे काप घेऊन ते एकमेकांवर घट्ट बांधतात. सालीच्या आत व लाकडाच्या बाहेर पेशींचा एक अतिशय पातळ, सतत वाढणारा थर असतो. वनस्पतिशास्त्रात त्यास ऊतककर म्हणतात. खुंटाचा व काडीचा हा थर निदान एका बाजूने तरी एकमेकांसमोर यावा लागतो. म्हणूनच काडी खुंटापेक्षा बारीक असली, तर कुशल माळी ती मधोमध न बसवता एका कडेला सरकवून बसवतो.

कापलेल्या पेशी मरतात आणि त्यांचा तपकिरी थर तयार होतो. त्यामागील जिवंत पेशी वेगाने विभागू लागतात व मऊ, पांढुरका गोळा तयार होतो. त्यास किण म्हणतात. दोन्ही बाजूंचे किण मधला मृत थर भेदून एकमेकांत मिसळतात. मग त्यातील काही पेशींचे रूप पालटून दोन्हीकडील वाहिन्या जोडणाऱ्या नव्या वाहिन्या तयार होतात. अराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातील लहान रोपावर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साखर वाहून नेणाऱ्या वाहिन्या साधारण तिसऱ्या दिवशी, तर पाणी वाहून नेणाऱ्या वाहिन्या सातव्या दिवसाच्या सुमारास जोडल्या गेल्याचे आढळले. फळझाडांत यासाठी काही आठवडे लागतात.

हा पूल तयार होईपर्यंत काडीला खालून पाण्याचा नियमित पुरवठा नसतो. काडी झाडावर असतानाच तिची पाने आठ-दहा दिवस आधी छाटतात आणि कलम बांधल्यावर तिच्यावर प्लॅस्टिकची टोपी चढवतात, ती याच कारणाने. पाने नसली की बाष्पीभवन कमी होते आणि टोपीमुळे हवा दमट राहते. काडीत स्वतःचे थोडे अन्न साठलेले असते. त्या बळावर सांधा जुळण्यापूर्वीही डोळा फुटू शकतो. त्यामुळे पहिली पालवी दिसली म्हणजे कलम जगले, असे समजणे घाईचे ठरते. दुसरी पालवी पूर्ण वाढून पक्व होणे, ही त्याहून अधिक भरवशाची खूण होय.

केळी, नारळ, गहू यांसारख्या एकदल वनस्पतींत असा ऊतककर नसतो. त्यामुळे त्यांचे कलम होत नाही असेच मानले जात होते. २०२२ मध्ये बीजातील भ्रूणाच्या अवस्थेत अशा वनस्पतींचेही कलम करता येते, असे संशोधकांनी दाखवून दिले. बागेत ही पद्धत अद्याप रूढ नाही.

वर जाणारा प्रवाह

झाडात वाहिन्यांच्या दोन स्वतंत्र व्यवस्था असतात. लाकडातील जलवाहिन्या पाणी व त्यात विरघळलेले क्षार मुळांकडून पानांकडे नेतात. सालीतील रसवाहिन्या पानांत तयार झालेली साखर जेथे गरज असेल तेथे नेतात. जलवाहिन्यांतील रसात पाण्याचे प्रमाण अतिशय अधिक असते. नत्र, पालाश, कॅल्शियम, लोह हे सारे त्यात अल्प प्रमाणात विरघळलेले असते. पानांतून होणाऱ्या बाष्पीभवनामुळे हा स्तंभ वर ओढला जातो. रसवाहिन्यांतील रस त्या मानाने दाट असून त्यात साखरेचे प्रमाण दहा ते पंचवीस टक्क्यांपर्यंत असते. तो वर, खाली, मुळांकडे, फळांकडे कोठेही जाऊ शकतो.

जोडलेल्या झाडांत पाणी एकाकडून दुसऱ्याकडे जाते, याचा एक ठसठशीत पुरावा इंग्रज संशोधक स्टीफन हेल्स यांच्या १७२७ मधील ग्रंथात आढळतो. ओळीतील तीन झाडे एकमेकांना भेट कलमाने जोडून मधले झाड मुळांसह जमिनीतून मोकळे केले, तरी ते शेजारच्या दोन झाडांच्या पाण्यावर हिरवे राहते, असे त्यांनी नोंदवले. आपल्याकडील भेट कलमाचे तत्त्व हेच आहे. काडी आईच्या झाडापासून तोडण्यापूर्वी तिला खुंटाकडून पाणी मिळू लागलेले असावे लागते.

आता लोहाकडे वळू. दख्खनच्या काळ्या खडकापासून बनलेल्या मराठवाड्याच्या जमिनीत लोहाचा तोटा नाही. मात्र जेथे मुक्त चुना अधिक असतो व सामू आठच्या वर जातो, तेथे लोह अविद्राव्य अवस्थेत अडकून पडते. ते सोडवून घेण्याचे काम मुळांचे. मुळे आम्ल सोडतात, लोहाचे विद्राव्य रूपात रूपांतर करतात आणि मग ते आत घेतात. पुढे सायट्रेटच्या जोडीने हे लोह जलवाहिन्यांतून वर जाते. ही क्षमता प्रत्येक जातीच्या मुळांत सारखी नसते.

हे सिद्ध करणारा एक प्रसिद्ध प्रयोग सोयाबीनवरच झाला. १९५८ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी चुनखडीच्या जमिनीत हिरवी राहणारी एक जात व पिवळी पडणारी दुसरी जात घेऊन त्यांची अदलाबदल करून कलमे केली. चांगल्या जातीच्या मुळावर वाईट जातीचा शेंडा बसवला तेव्हा तो हिरवा राहिला. वाईट जातीच्या मुळावर चांगल्या जातीचा शेंडा बसवला तेव्हा तो पिवळा पडला. पान पिवळे पडते वर, पण त्याचे कारण खाली असते, हे यातून स्पष्ट झाले.

पिवळेपणा कोठे सुरू होतो, हेही पाहण्यासारखे आहे. नत्र, स्फुरद, पालाश व मॅग्नेशियम ही द्रव्ये जुन्या पानांतून काढून रसवाहिन्यांमार्फत नव्या पानांना देता येतात. त्यांची कमतरता असेल तर आधी जुनी, खालची पाने पिवळी पडतात. लोह व कॅल्शियम मात्र एकदा पानात पोहोचले की बहुतांशी तेथेच राहतात. त्यांची कमतरता असेल तर शेंड्याची नवी पाने आधी बिघडतात. शेंडा पिवळा पडलेला पाहून युरिया टाकणाऱ्याचा खर्च वाया जातो, तो या फरकाकडे दुर्लक्ष झाल्याने.

खाली येणारा प्रवाह

सतराव्या शतकात इटलीतील मार्चेल्लो माल्पिगी यांनी झाडाच्या सालीचे एक कडे काढून टाकले. काही काळाने कापाच्या वरच्या बाजूस खोड फुगले, खालच्या बाजूस मात्र वाढ थांबली. पानांतून खाली येणारे अन्न सालीतून येते आणि वाट बंद झाल्याने ते वर साचते, हे यातून कळले. कलमाच्या सांध्यात रसवाहिन्या नीट जुळल्या नाहीत, तर नेमके हेच घडते. वरची पाने काही काळ तजेलदार दिसतात, फळेही भरपूर लागतात, पण मुळे उपाशी राहतात. उपाशी मुळे पाणी देईनाशी झाली की झाड एकदम वाळल्यासारखे वाटते. दुखणे मात्र बऱ्याच काळापासून चालू असते.

या प्रकारचा मोठा अनर्थ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्राझीलमध्ये झाला. तेथील संत्र्याच्या बागा आंबट नारिंगाच्या खुंटावर होत्या. माव्यामार्फत पसरणाऱ्या एका विषाणूमुळे या जोडीत नेमक्या सांध्याखालच्या रसवाहिन्या मृत होत गेल्या आणि लक्षावधी झाडे वाळली. पोर्तुगीज भाषेतील उदासी या अर्थाच्या शब्दावरून या रोगास ट्रिस्टेझा हे नाव पडले. या झाडांच्या मुळांत पिष्ट उरत नसे. मुळांच्या कापावर आयोडीन टाकून, निळा रंग येतो की नाही हे पाहून रोगाची परीक्षा करता येई. खुंट बदलणे हाच त्यावरील मुख्य उपाय ठरला. तेथील बागायतदारांनी त्यानंतर मोठ्या प्रमाणावर स्वीकारलेला खुंट आपल्या उपखंडातील ठिकाणाचे नाव धारण करणारा, म्हणजे रंगपूर लाईम होता.

खाली येणाऱ्या प्रवाहात साखरेबरोबर संदेशही असतात. याचाही पुरावा सोयाबीनने दिला. सोयाबीनच्या मुळांवर नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूंच्या गाठी असतात. गाठींची संख्या मर्यादेत न राहता बेसुमार वाढणारे काही उत्परिवर्तित वाण ऑस्ट्रेलियात मिळाले होते. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांची साध्या सोयाबीनशी अदलाबदल करून कलमे करण्यात आली. गाठी किती येतील, हे मुळांवरून न ठरता वर कोणता शेंडा आहे यावरून ठरते, असे दिसून आले. लोहाचा निर्णय मूळ करते आणि गाठींचा निर्णय पान करते. २००८ मध्ये आणखी एक दुवा हाती आला. स्फुरद कमी पडले की पाने एक सूक्ष्म आरएनए रसवाहिन्यांतून मुळांकडे पाठवतात आणि मुळे अधिक स्फुरद शोषू लागतात. हा संदेश कलमाचा सांधा ओलांडतो, हेही कलमांच्याच साहाय्याने सिद्ध झाले.

सांधा काय ओलांडू देतो

पाणी, क्षार, साखर, अमिनो आम्ले, वाढीची संप्रेरके हे सर्व सांध्यातून सहज जाते. काही वेळा विषेही जातात. तंबाखूतील निकोटीन पानांत आढळते, पण ते तयार होते मुळांत. १९४२ मध्ये रे डॉसन यांनी तंबाखूच्या खुंटावर टोमॅटोचे कलम केले, तेव्हा टोमॅटोच्या पानांत निकोटीन उतरले. टोमॅटोच्या खुंटावर तंबाखू लावली, तेव्हा तिची पाने जवळजवळ निकोटीनविरहित राहिली.

धोतऱ्याचे विषही मोठ्या प्रमाणात मुळांत तयार होते. थंडीचा जोर सोसावा म्हणून धोतऱ्याच्या खुंटावर टोमॅटोची कलमे करण्याचा प्रकार अमेरिकेत काही ठिकाणी झाला आणि १९६० च्या दशकात असे टोमॅटो खाऊन माणसांना विषबाधा झाली. गच्चीवरील बागेत हौसेने निरनिराळ्या झाडांची जोडणी करणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये. वांगे, टोमॅटो, बटाटा व धोतरा एकाच कुळातील असल्याने ही कलमे जुळतात. जुळली म्हणून ती खाण्यायोग्य ठरत नाहीत.

योग्य खुंट निवडल्यास याच कुळात उत्तम कामही होते. वाराणसी येथील भारतीय भाजीपाला संशोधन संस्थेने वांग्याच्या खुंटावर वांगे व टोमॅटो या दोहोंच्या काड्या बसवून एकाच झाडावर दोन्ही फळे घेतली. या झाडास ब्रिमॅटो असे नाव देण्यात आले. वर टोमॅटो व खाली बटाटा असे झाडही केले जाते. त्यात टोमॅटोच्या पानांनी केलेली साखर जमिनीखाली बटाट्याचे पिष्ट म्हणून साठते. जपानमध्ये कलिंगडाचे कलम दुधी भोपळ्याच्या खुंटावर करण्याची सुरुवात १९२० च्या दशकात झाली. त्यामागील हेतू मुळांना होणारा मर रोग टाळणे हा होता.

जे ओलांडत नाही, ते म्हणजे झाडाचे मूळ स्वरूप. जंबेरीच्या खुंटावरील मोसंबी जंबेरीसारखी आंबट होत नाही आणि गावरान आंब्याच्या खुंटावरील केशरला गावरान आंब्याची चव येत नाही. फळातील रंग, गंध व आम्ले फळाच्या पेशी स्वतः घडवतात. खालून त्यांना कच्चा माल येतो. मात्र या मालाचे प्रमाण बदलले की फळाची प्रत बदलू शकते. जोमदार खुंटावर लिंबूवर्गीय फळे मोठी, जाड सालीची व किंचित फिकी होण्याकडे कल असतो. २००९ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी तंबाखूच्या कलमांत सांध्यापाशी असलेल्या पेशींमध्ये हरितद्रव्यकणांतील जनुकांची अदलाबदल होते, असे दाखवले. तीही सांध्याच्या जागेपुरतीच मर्यादित असते. त्यामुळे वरच्या फळाची जात बदलत नाही.

हा व्यवहार समजण्यास बांडगुळाचे उदाहरण उपयोगी पडते. आंब्यावरील बांडगूळ यजमानाच्या जलवाहिन्यांना जोडून घेते, पाणी व क्षार घेते आणि आपल्या हिरव्या पानांत स्वतःचे अन्न करते. अमरवेलीला पाने नसल्याने ती रसवाहिन्यांपर्यंत पोहोचून तयार साखरही घेते. दोघेही परत काही देत नाहीत. कलमाची काडीही बांडगुळाप्रमाणेच दुसऱ्याच्या पाण्यावर जगते, पण त्या बदल्यात साखर पाठवते. तिने साखर पाठवणे थांबवले की दोघेही संपतात.

मराठवाड्यातील खुंट

महाराष्ट्रात संत्रा व मोसंबीसाठी जंबेरी व रंगपूर लाईम हे दोन खुंट प्रामुख्याने वापरले जातात. जंबेरीवरील झाड लवकर व जोमाने वाढते. रंगपूर लाईम अवर्षणास, चुनखडीस आणि खारवट पाण्यास अधिक तोंड देतो. पाण्यातील क्लोराइड मुळांपाशीच अडवून वर कमी जाऊ देण्याचा गुण त्याच्यात आहे. म्हणजे चांगला खुंट जे हवे ते पाठवतो, तसेच जे नको ते अडवतो. असे असले तरी खुंटालाही मर्यादा असते. जमिनीत मुक्त चुन्याचे प्रमाण दहा टक्क्यांहून अधिक असेल, तर तेथे संत्रा-मोसंबीची लागवड टाळावी, असाच सल्ला दिला जातो.

जंबेरी व रंगपूर लाईमचा एक मोठा लाभ असा, की त्यांच्या एका बीतून अनेक रोपे उगवतात आणि त्यांतील बहुतेक रोपे आईच्या झाडाची तंतोतंत प्रतिकृती असतात. त्यामुळे खुंट एकसारखे मिळतात. आपल्याकडील बहुतेक आंब्यांत तसे नसते. मिळेल त्या गावरान कोयीपासून तयार केलेला प्रत्येक खुंट वेगळा असतो. एकाच रोपवाटिकेतून आणलेल्या शंभर केशर कलमांचे शेंडे एक असले, तरी मुळे शंभर प्रकारची असतात. सारखे खत व सारखे पाणी देऊनही बागेतील काही झाडे जोमदार आणि काही खुरटी का राहतात, याचे एक कारण येथे सापडते. इस्रायलमध्ये चुनखडीच्या जमिनीस व खारवट पाण्यास तोंड देणारा, एकसारखी रोपे देणारा ‘१३-१’ नावाचा आंब्याचा खुंट निवडून वापरात आणला गेला. मराठवाड्याची गरजही तशीच आहे.

द्राक्षात महाराष्ट्राने हा बदल करून दाखवला आहे. १९९० च्या दशकापर्यंत नाशिक, सांगली, सोलापूर भागांतील द्राक्षवेली बहुतांशी स्वतःच्या मुळांवर, म्हणजे काडी लावून वाढवलेल्या असत. अवर्षण आणि क्षारयुक्त पाणी यांमुळे बागा बिघडू लागल्यावर अमेरिकी मूळ असलेला डॉगरिज खुंट मोठ्या प्रमाणावर आला. आता शेतात आधी खुंट लावायचा आणि नंतर जागेवरच पाचर कलम करायचे, ही रीत रूढ आहे. १९९७ मध्ये पुण्याजवळ मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सुरू झाले. खुंट बदलला की पानदेठांतील अन्नद्रव्यांचे प्रमाण बदलते, त्यामुळे खतांचे वेळापत्रकही खुंटानुसार ठरवावे लागते, हा धडा द्राक्ष बागायतदारांनी घेतला आहे. डहाणू-घोलवडच्या पट्ट्यात चिकूचे कलम खिरणीच्या खुंटावर करतात. दोन्ही झाडे वेगळ्या जातींची असली तरी एकाच कुळातील असल्याने हे नाते दीर्घकाळ टिकते.

उशिरा तुटणारे नाते

सर्वच नाती अशी टिकत नाहीत. काही जोड्या पहिल्या वर्षी उत्तम जुळतात आणि आठ-दहा वर्षांनी सांध्याशी मोडतात. नासपतीच्या काही जाती क्विन्स या खुंटावर लावल्या असता असे घडते. क्विन्समध्ये तयार होणारे एक द्रव्य सांध्यातून वर जाते, नासपतीच्या पेशी त्याचे विघटन करतात आणि त्यातून सायनाइड मुक्त होऊन सांध्याचीच हानी होते. येथे सांधा जुळला नाही म्हणून झाड मरत नाही. तो जुळला आणि त्यातून नको ते वाहिले म्हणून मरते.

सांध्याच्या वर खोड फुगणे, पाने अवेळी पिवळी-तांबूस होणे, एकाच हंगामात झेपणार नाही एवढी फळे लागणे ही अशा बिघाडाची लक्षणे असू शकतात. खोडाच्या जाडीत थोडा फरक असणे मात्र अनेक निरोगी जोड्यांतही आढळते. केवळ त्यावरून झाड काढून टाकू नये.

रोप घेताना आणि लावताना

फळरोपवाटिकांचे नियमन करणारा कायदा महाराष्ट्रात १९६९ पासून आहे. खुंट व काडी कोठून आणली याची नोंद ठेवणे हे परवानाधारक रोपवाटिकेचे कर्तव्य आहे. ग्राहकाने ती विचारणे हा त्याचा हक्क होय. शहरातील वाचकाने अंगणात किंवा कुंडीत एकच कलम लावायचे असले, तरी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. पावतीवर जातीबरोबर खुंटाचे नावही लिहून घ्यावे. लिंबूवर्गीय रोपांत तर ते आवर्जून घ्यावे.

२. लागवडीपूर्वी माती परीक्षणात सामूबरोबर मुक्त चुन्याचे प्रमाण तपासून घ्यावे. कळमनुरी तालुक्यात तोंडापूर येथील कृषी विज्ञान केंद्र आणि परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ यांच्याकडे याविषयी मार्गदर्शन मिळते.

३. सांधा जमिनीच्या वर निदान वीतभर राहील असे पाहावे. तो मातीखाली गेला तर वरच्या झाडालाच मुळ्या फुटू शकतात आणि खुंटाचा गुण निष्फळ होतो. लिंबूवर्गीय झाडांत डिंक्या रोगाचा धोकाही वाढतो.

४. सांध्याखालून येणारी फूट वेळीच काढावी. ती खुंटाची असते. तिला पाणी सांधा न ओलांडता मिळते, त्यामुळे ती वरच्या कलमाहून वेगाने वाढते. कुंडीतील चांगला गुलाब दोन वर्षांनी जंगली झाला, असे म्हणतात, तेव्हा बहुधा वरचे कलम मेलेले असते आणि खुंट तेवढा उरलेला असतो.

५. कलम बांधलेली प्लॅस्टिकची पट्टी सांधा जुळल्यावर सोडावी. ती तशीच राहिली तर वाढत्या खोडात रुतते आणि माल्पिगींच्या सालीच्या कड्यासारखाच परिणाम करते.

६. शेंड्याची नवी पाने शिरा सोडून पिवळी पडली, तर लोहाचा विचार आधी करावा. जमिनीत नुसते हिराकस टाकल्यास चुनखडीत ते लवकर निरुपयोगी होते. शेणखतात मिसळून दिल्यास किंवा पानांवर सौम्य प्रमाणात फवारल्यास अधिक उपयोग होतो. पाणी साचू न देणे हाही त्यावरील उपायच आहे.

पैनगंगेवरील इसापूर धरणाचे आणि विहिरींचे पाणी जेथे पोहोचते, तेथे फळबागेचा विचार होणे स्वाभाविक आहे. पाणी आले की बाग होईल, अशी समजूत असते. परंतु पाणी पानापर्यंत पोहोचते ते खुंटाच्या मुळांतून आणि सांध्याच्या वाहिन्यांतून. त्यासोबत लोह वर जाईल की क्षार, हे ज्या मुळावर अवलंबून आहे त्याचे नाव रोपाच्या चिठ्ठीवर असणे ही बागेच्या हिशेबातील सर्वांत स्वस्त बाब आहे. ती राहून गेली, तर तिची किंमत बाग फळावर येण्याच्या सुमारास, पाच-सात वर्षांनी मोजावी लागते.